भविष्यकाळ कुठे पाहावा: ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ की ‘स्पेसशिप अर्थ’?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊन, पोटात गोळा आणणाऱ्या राईड्स बाजूला ठेवून, या दोन संथ राईड्सपैकी कोणती निवडावी असा प्रश्न फार जणांना पडत नाही. तुम्हाला पडला असेल तर पुढे वाचा. दोन्हींत काळाचीच गोष्ट आहे, पण कॅरोसेल मॅजिक किंगडममध्ये आणि स्पेसशिप अर्थ एपकॉटमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या पार्कांत. हाताशी एकच दिवस असला की एकीवर पाणी सोडावं लागतं. मी दोन्हींत बसलोय, स्पेसशिपमध्ये दोनदा.

भूतकाळात स्पेसशिप अर्थ पुढे आहे, यात माझ्या मते वादच नाही. ही राईड एका प्रचंड गोलात आहे. त्याच्या पोटातून गाडी हळूहळू वर चढते आणि दोन्ही बाजूंना हलते देखावे येत राहतात: गुहेतली चित्रं, पपायरसचा कागद, प्राचीन फिनिशियन व्यापारी, जळतं रोम, गुटेनबर्गचा छापखाना. रोमपाशी जळका वास सोडलेला आहे. बाकी सगळं विसरलो तरी तो वास अजून आठवतो. त्यापुढे कॅरोसेलचा भूतकाळ म्हणजे एका अमेरिकन कुटुंबाचं घर. प्रेक्षकांच्या खुर्च्या रंगमंचाभोवती फिरतात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1920, 1940 असे टप्पे येत जातात. 1964च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल इलेक्ट्रिकने हा खेळ पुरस्कृत केला होता, हे लक्षात ठेवून पाहिलं तर प्रत्येक अंकात विजेवर चालणारं नवं काहीतरी का येतं ते कळतं. जाहिरातच ती, पण गोड जाहिरात.

वर्तमानकाळाची गंमत मला दुसऱ्या फेरीत कळली. स्पेसशिप अर्थमध्ये तो नाहीच! शेवटचा मोठा देखावा कॅलिफोर्नियातल्या 1970च्या दशकातल्या गॅरेजचा. तिथे एकजण संगणक जुळवत बसलेला आहे. पुढे एक बोगदा, मग माथ्यावरचं तारांगण आणि त्यात तरंगणारी पृथ्वी. दृश्य देखणं आहे, मान्य. पण गाडीत बसलेल्या सगळ्यांच्या खिशात मोबाइल होता आणि देखाव्यात कुणाच्याच हातात नव्हता.

कॅरोसेलमध्ये मात्र प्रत्येक अंक हा कुणाचा तरी वर्तमानकाळ आहे. दर वेळी कुटुंबातले वडील पाय पसरून बसतात आणि आता याहून सुखाचं काय असणार, असं सांगतात. पहिल्या अंकात उडतं यंत्र बनवू पाहणाऱ्या दोन भावांचा विषय निघतो आणि वडील ते साफ उडवून लावतात. प्रेक्षक हसतात. दुसऱ्या अंकापर्यंत हसणं थोडं बावरलेलं होतं, निदान माझं तरी. आपणही खुर्चीत बसून तेच म्हणतोय की काय, असं वाटायला लागतं.

आता भविष्यकाळ. माझा निर्णय इथेच झाला. स्पेसशिप अर्थमध्ये माथ्यावर पोहोचल्यावर गाडी वळते आणि तुम्ही पाठमोरे, उताणे होत खाली येता. आजूबाजूला काळोख आणि समोर एक लहानसा टचस्क्रीन. तो विचारतो: भविष्यात काय हवं, घर, काम, आरोग्य की विरंगुळा? चारदोन बटणं दाबली की सुरुवातीला काढलेला तुमचा फोटो एका व्यंगचित्राच्या धडावर चिकटवून छोटी चित्रफीत दाखवतात. मुलं खिदळतात, हे खरं. पण हजारो वर्षांचा इतिहास एवढ्या मेहनतीने उभा करायचा आणि पुढचं विचारलं की प्रश्नपत्रिका प्रवाशाच्याच हातात द्यायची, हे मला खटकलं. पहिल्यांदा वाटलं आपण थकलो असू. दुसऱ्यांदा त्याच जागी तेच वाटलं. 1994च्या आवृत्तीत दूरदेशीची मुलं पडद्यावरून एकमेकांशी बोलताना दाखवली होती, आणि आज ते घरोघरी चालतं. 2008च्या नूतनीकरणाच्या वेळी तो देखावा गेला आणि उतारावर हे स्क्रीन आले.

कॅरोसेलचा शेवटचा अंक शिळा आहे, हा आरोप मी नाकारत नाही. मी पाहिला तेव्हा तो 1990च्या दशकातलाच होता: ख्रिसमसची संध्याकाळ, डीव्हीडीआधीच्या लेझर डिस्कचा उल्लेख, आजीच्या डोक्यावर व्हर्च्युअल रिअॅलिटीचं अवजड शिरस्त्राण. ओव्हन बोललेलं ऐकतो. आजीच्या खेळातले गुण मोठ्याने सांगितले जातात, ओव्हन तो आकडा तापमान समजतो आणि टर्कीचा कोळसा होतो. यंत्रं आपलं बोलणं ऐकतील आणि भलतंच ऐकतील, हे इतकं नेमकं सांगितलेलं मी दुसऱ्या कुठल्या राईडमध्ये पाहिलं नाही. पॅरिसच्या डिस्नेलँडने 1992मध्ये एकोणिसाव्या शतकातला विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न याच्या काळात शोभेल असं भविष्य उभारून शिळं होण्याची भीतीच काढून टाकली. ती युक्ती हुशारीची, पण पळवाटच. कॅरोसेलने निदान ठोस अंदाज केला.

लहान मुलं सोबत असतील, अंधार आणि चढण चालत असेल, तर स्पेसशिप अर्थ घ्या, वरचं तारांगण पाहताना मीही गप्प झालो होतो. आजीआजोबा असतील, किंवा वीसेक मिनिटं गारव्यात टेकायचं असेल, तर कॅरोसेल. डिस्ने दोन्हींत अधूनमधून बदल करत असतं, त्यामुळे जाण्याआधी काय चालू आहे ते बघून घ्या. आणि कॅरोसेल निवडलंत तर बाहेर पडल्यावर शेजारच्या पीपलमूव्हरमध्ये, म्हणजे उंचावरून फिरवणाऱ्या संथ गाडीत, जरूर बसा. वाटेत काचेपलीकडे एका छोट्या शहराचा तुकडा दिसतो. 1967मध्ये कॅरोसेल कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये होतं, तेव्हा त्याच्या शेवटी ‘उद्याचं शहर’ म्हणून दाखवायचे, त्याच मॉडेलचा तो भाग. डाव्या बाजूला बसू की उजव्या, या घोळात माझा तो तुकडा पहिल्या फेरीत बघायचा राहिला होता, म्हणून मी पुन्हा रांगेत लागलो.