बादलीभर पाण्यात गाडी: ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रिन्सलेस वॉशचे आठ महिने

वापर फेब्रुवारीअखेर ते ऑक्टोबर. म्हणजे उन्हाळा, अख्खा पावसाळा आणि ऑक्टोबर हीट, तिन्ही आले. गाडी गडद निळी सेडान, पार्किंग उघड्यावर. सोसायटीत पाइप लावायला बंदी, एप्रिलपासून पाणी टँकरचं. अशा ठिकाणी फोम गन नि प्रेशर वॉशर यूट्यूबवर बघण्यापुरतेच. मग उरतो रिन्सलेस वॉश: बादलीत द्रावण टाका, पुसा, कोरडं करा, वरून पाणी मारायचं नाही.

आधी माप, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच आहे. प्रमाण १:२५६, म्हणजे आठ लिटर पाण्याला बाटलीतलं रिन्सलेस वॉश साधारण ३० मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते १० मिलीचं झाकण घ्या आणि मोजून तीन झाकणं घाला. अंदाजाने ओतलं की हात सैल सुटतो. जास्त घातल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, उलट चिकट थर राहतो. जुलैच्या दमट हवेत तो लवकर वाळतही नाही आणि गडद रंगावर पट्टे उमटतात. कुंड्यांना पाणी मारायच्या दोन लिटरच्या पंपात वेगळं दीड लिटर द्रावण करायचं, त्यात ६ मिली. या हिशेबाने ५०० मिलीची बाटली तेरा वेळा पुरते. आठ-दहा दिवसांनी एकदा धुऊन आता तिसरी चालू आहे. मधल्या बाटलीचं झाकण गळकं निघालं, डिकीत आडवी ठेवली तर निम्मी कार्पेटला.

आता एक दरवाजा घ्या. पंपाने वरपासून खालपर्यंत भिजवा आणि दीड-दोन मिनिटं हात लावू नका. द्रावणातले पॉलिमर धुळीच्या कणांभोवती चिकटतात, कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडेपणा येतो. घाई केली तर हाच फायदा जातो. बादलीत आधीच आठ मायक्रोफायबर फडके बुडवून ठेवलेले हवेत, ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) आसपासचे, लेबल कापलेले. एक काढा, हलकाच पिळा, दोनदा दुमडा म्हणजे चार घड्या नि आठ बाजू होतात. दाब शून्य, फडक्याचं वजन पुरे. सरळ रेषेत एकदाच ओढा, बाजू बदला. आठ बाजू संपल्या की तो फडका परत बादलीत नाही, थेट धुण्याच्या ढिगात. बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं ते यामुळेच, दुसरी बादली लागत नाही. आधी छत, मग काचा (समोरची सोडून), बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग. खालचा गुडघ्याएवढा पट्टा सगळ्यात शेवटी. चाकांचे फडके कायम वेगळे.

एवढी मिजास कशाला? रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याहून जाड असतो. रोज सकाळी एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात तेव्हा आधीच्या गाडीची वाळू पुढच्या गाडीवर घासली जाते. रात्री बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा, प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. गाडी पुसणाऱ्याला फक्त काचा आणि चाकं सांगा. पैसे पूर्ण द्या, तरी स्वस्तात सुटाल.

ही पद्धत कुठे साफ अपुरी पडते तेही सांगायला हवं. घोडबंदरला मेट्रो ४ चं काम आणि टॉवरांची बांधकामं, त्यामुळे धूळ म्हणजे नुसती माती नाही, सिमेंट आणि खडीची पूड. गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल इतका थर असेल तर नुसतं भिजवून पुसू नका. ओलं सिमेंट अल्कधर्मी असतं, पत्र्यावर सुकू दिलं तर रंगाला डाग पाडतं. पावसाळ्यात गायमुख घाटातून आलात की दरवाज्यांखाली चिखल लागतोच. अशा वेळी वॉशिंग सेंटरला नेऊन ‘नुसतं पाणी मारा, फडका लावू नका’ एवढंच सांगायचं. ऐकून ते बुचकळ्यात पडतात, पण मारतात. घरी आणून पुढचं आपलं आपण.

टँकरच्या पाण्यात क्षार फार. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आकडा दोनशेच्या पुढे दिसला तर गाडी उन्हात धुऊच नका, थेंब वाळले की पांढरी गोल रांगोळी उरते. ताज्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, मिनिटभर ठेवून पुसायचं आणि लगेच द्रावणाचा फडका फिरवायचा. तरी न निघाल्यास डाग क्लिअर कोटमध्ये उतरला, तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही. एप्रिल-मेमध्ये एसीच्या निचऱ्याच्या पाइपखाली बादली ठेवा. ते पाणी हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार जवळपास नसतात. कापडातून गाळून फवाऱ्याला उत्तम.

कावळ्या-कबुतरांची घाण वाळलेली असेल तर खरवडू नका. टिश्यू द्रावणात भिजवून पाच मिनिटं वर ठेवा आणि उचला. ऊन असेल तर संध्याकाळची वाट बघत बसू नका, तापलेल्या रंगात आम्ल लवकर उतरतं. पर्जन्यवृक्षाखालच्या चिकट थेंबांनाही हाच उपाय, फक्त दोनदा.

सिलिकायुक्त स्प्रे सीलंट, म्हणजे पाणी झटकणारा संरक्षक थर, दोनदा मारून झालं. बाटलीवर सहा महिने लिहिलंय. पावसाळ्यात दहा आठवड्यांनंतर पाण्याचे थेंब गोल बसेनात. पण लगेच दुसरा थर चढवू नका. बऱ्याचदा सीलंट शाबूत असतं आणि वर धुळीचा मेणचट पापुद्रा बसलेला असतो. साध्या कार शाम्पूने एकदा नीट धुतल्यावर छतावर आणि डिकीवर थेंब परत आले, बॉनेटवर मात्र नाही. दमट हवेत प्रत्येक पॅनेलला एकच फवारा, लगेच कोरड्या फडक्याने पुसून दुसऱ्याने घासा, नाहीतर ढगाळ डाग राहतात.

क्ले, म्हणजे रंगाला घट्ट चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा, वर्षातून एक-दोनदाच. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवर फिरवा, खरखर लागली तरच. वंगण म्हणून हेच द्रावण १:६४, म्हणजे लिटरला १५ मिली. गोळा जमिनीवर पडला तर टाकूनच द्यायचा.

समोरच्या काचेवर हे द्रावण वापरू नका. त्याचा पातळ थर राहतो आणि पहिल्या सरीत वायपर थरथरत, कचकच करत फिरतात. काचेला साधं पाणी आणि वेगळा फडका.

फडके धुताना फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, पाणी शोषणं बंद होतं. सुती कपड्यांबरोबरही नको, धागे चिकटतात. वाळवायचे सावलीत आणि डब्यात झाकून ठेवायचे. गॅलरीत दोरीवर टांगले तर तीच बांधकामाची पूड त्यांच्यात बसते. पहिल्या आठांपैकी तीन आता चाकांच्या ढिगात गेलेत.