सहा वॅटचा हीथ सापळा: कुळागरातल्या उन्हाळी रात्रींसाठी

रात्रीचे पतंग मोजायला उजेडाजवळ पांढरा पडदा लावला की त्याच्यापाशी रात्रभर जागावं लागतं. हीथ पद्धतीचा घडीचा सापळा तिन्हीसांजेला लावायचा आणि उजाडताना उघडायचा. मधोमध उभी ६ वॅटची अतिनील नळी, भोवती तीन पाती, खाली नरसाळं आणि पेटी. पातीवर आपटलेले पतंग नरसाळ्यातून पेटीत उतरतात आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यांत शांत बसतात. ट्रे दाटीने भरू नयेत, नाहीतर काढताना पंख घासतात.

१६० वॅटचा मर्क्युरी दिवा यापेक्षा खूप जास्त पतंग ओढतो. पण त्याला घरची वीज लागते, उजेड शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो आणि तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, दर पंधरवड्याला नियमित मोजणी करायची तर हा लहान सापळाच बरा.

बॅटरीत मात्र कंजुषी नको. मे महिन्यात गोव्यातली रात्र साधारण ११ तासांची. चोकसकट ०.६ अँपिअर धरले तर ६.६ अँपिअर-अवर खर्च होतात. ७ अँपिअर-अवरची बॅटरी पहाटेपर्यंत जेमतेम टिकते, आणि लेड-अॅसिडची असेल तर दर वेळी इतकी रिकामी होऊन लवकरच निकामी होते. १२ अँपिअर-अवरचीच घ्यावी.

दुसरी अडचण हुमल्यांची, म्हणजे लाल मुंग्यांची. पेटी जमिनीवर ठेवली तर सकाळी नुसते पंख उरतात. स्टुलावर ठेवून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, आणि फांदी किंवा वायर कुठेही टेकू देऊ नये. वळवाच्या सरीनंतर पंखांची वाळवी आणि भुंगेरे पेटी भरून टाकतात, त्यांच्या धडपडीत पतंगांचे खवले झडतात. त्या रात्री सापळा न लावलेलाच बरा. पाणी निघून जायला पेटीच्या तळाला जाळी लावलेली भोकं नसतील तर ती पाडून घ्यावीत.

अॅटलाससारखे मोठे पतंग नरसाळ्यात मावत नाहीत, ते आसपास बसतात. म्हणून मागे पांढरं कापड टांगावं आणि भोवतालच्या भिंती, पानंही पाहावीत.

नोंदीत तारीख, जागा, दिव्याचे वॅट, सुरू-बंद वेळ, वारा, ढग, चंद्राची तिथी हवी. पौर्णिमेच्या आसपास संख्या घटते, त्यामुळे तिथीशिवाय दोन रात्रींची तुलना करता येत नाही. फोटो झाल्यावर पतंग दाट झुडपात सोडावेत. उघड्यावर सोडले तर कोतवाल आणि बुलबुल दोन दिवसांत जागा हेरतात. म्हादई, मोले किंवा खोतीगाव अभयारण्यात लावायचा असेल तर वन खात्याची परवानगी आधी काढावी.