पूरग्रस्तांसाठीचा तयार शिधासंच : मार्केट यार्डातील खरेदीचा अनुभव

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार विभागातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडून आमच्या सोसायटीने सप्टेंबर २०२५ मध्ये पूरग्रस्तांसाठीचे ६० तयार संच घेतले. सीना नदीच्या पुरामुळे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात घरे सोडून शाळांत आणि रस्त्याकडेला उतरलेल्या कुटुंबांना ते द्यायचे होते. दुकानाचे नाव देत नाही, कारण मी चौकशी केलेल्या आणखी दोन ठिकाणीही संचातील वस्तूंची यादी जवळजवळ हीच होती.

प्रत्येक संचाला ९५० रुपये पडले. त्यात ५ किलो तांदूळ, ५ किलो कणीक, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, साखर, मीठ, चहापत्ती, हळद, तिखट, अंगाच्या साबणाच्या २ वड्या, कपड्यांचा साबण, बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या आणि काडेपेटी असा ऐवज होता. उतरवून घेताना आम्ही ३ संच उघडून वजन केले, ते चोख भरले. डाळ स्वच्छ होती, बिल पक्के मिळाले आणि सकाळी फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी माल टेम्पोत चढला. व्यवहार म्हणून या दुकानाला नावे ठेवण्यासारखे काही नाही.

अडचण संचाच्या कल्पनेतच आहे, आणि ती मला कळण्याचे कारण घरचे आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठा शिरली, तेव्हा तेथील तळमजल्यावर आम्ही राहत होतो. आम्हालाही असाच एक संच मिळाला होता. शेगडी गाळाने भरलेली, भांडी चिखलात, अशा स्थितीत बिस्किटे आणि चहापत्ती तेवढी उपयोगी पडली. तांदळाला हात लागला तो नवव्या दिवशी. ज्याचे स्वयंपाकघर शाबूत आहे त्याच्यासाठी महिन्याचा किराणा भरावा, तसा हा संच भरलेला असतो.

माढ्याकडे टेम्पोबरोबर मीही गेलो होतो. शाळेच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर ओली बाभूळ पेटवण्याची खटपट चालली होती आणि काडेपेटी पिशवीतच सर्दावलेली निघाली. एका आजींनी परातीत पीठ ओतले, वास घेतला आणि म्हणाल्या, "आरं बाबा, ह्या पिठाला साबणाचा वास मारतोय की." कणीक पातळ कागदी पिशवीत आणि तिला लागून कपड्यांचा साबण, त्यावर दिवसभराचा दमट प्रवास, दुसरे काय होणार? शिवाय ज्या मुलखात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी खातात, तेथे आम्ही गव्हाची कणीक नेली होती. डाळीच्या पिशव्यांना तोंडाशी टाचण्या मारलेल्या होत्या, त्या फाटून ७ संचांतली डाळ तांदळात मिसळली. पुरुष मंडळींनी तर संच बाजूला ठेवून आधी जनावरांसाठी कडबा आणला आहे का, हेच विचारले.

पाण्यासाठी संचात काहीही नव्हते, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. मदतकार्यातील आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि महिन्याला अंगाचा २५० ग्रॅम साबण लागतो. पाच जणांच्या कुटुंबाला १०० ग्रॅमच्या २ वड्या किती पुरणार? पुरानंतर विहिरीचे पाणी गढूळ असते. ते निवळून, फडक्याने गाळून, क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवायचे, तर झाकणाचे भांडे लागतेच, आणि नेमके तेच वाहून गेलेले असते.

दुसऱ्या खेपेला आम्ही २५ संच आमच्या यादीप्रमाणे बांधून मागितले : ज्वारीचे पीठ, पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, तेल, साबण, क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, टॉवेल आणि नवी अंतर्वस्त्रे. हे सगळे २० लिटरच्या झाकणाच्या बादलीत भरायचे, म्हणजे वाटेत माल कोरडा राहतो आणि पुढे तीच बादली पाण्याला होते. व्यापाऱ्याने आधी कुरकूर केली. पिशवीवर देणगीदाराचे नाव तो फुकट छापून देतो, पण साबण वेगळा बांधण्याचे संचामागे ५ रुपये मागितले. ते आम्ही दिले आणि छपाईला नको म्हटले. बादल्या त्याच्याकडे नव्हत्या, त्या रविवार पेठेतील बोहरी आळीतून आम्हीच आणून दिल्या. भरणी मात्र त्याच्या माणसांनी मन लावून केली, तेलाच्या पिशव्या न सांगता उभ्या ठेवल्या. बादलीसह संच १,१८० रुपयांना पडला. तयार संच घ्यायचाच असेल, तर कणीक आणि साबण आपल्यासमोर वेगळे करून घ्यावेत. बादली घेतल्यास झाकण स्वतः दाबून पाहावे, कारण आमच्या २५ पैकी ३ झाकणे सैल निघाली आणि ती सुतळीने बांधावी लागली.