ड्रग्जमुळे अमेरिकी सैन्यातून डिस्चार्ज: परत जायचं तर रिक्रूटर, रिव्ह्यू बोर्ड की रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड?

लघवीच्या तपासणीत गांजा किंवा कोकेन सापडलं, सैन्यातून बाहेर पडावं लागलं आणि आता काही वर्षांनी पुन्हा भरती व्हायचं आहे. अशा माणसापुढे अमेरिकेत तीन मार्ग असतात. थेट रिक्रूटरकडे, म्हणजे भरती अधिकाऱ्याकडे, जाऊन वेव्हर (नियमातून सूट) मागणं, डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करणं किंवा लष्करी रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे जाणं. बहुतेक जण रिक्रूटरपासून सुरुवात करतात, कारण तो लगेच भेटतो. बहुतेकांच्या बाबतीत ही सुरुवात चुकीची ठरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठलाही मार्ग धरण्याआधी डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेला सेवेचा दाखला, समोर घ्या. छोटी प्रत चालणार नाही, ‘मेंबर-४’ प्रत हवी, कारण महत्त्वाचे रकाने तिच्यातच असतात. हरवली असेल तर सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून स्टँडर्ड फॉर्म १८० भरून मागवता येते. रकाना २४ मध्ये डिस्चार्जचा दर्जा असतो: ऑनरेबल (सन्मानाने), जनरल (त्याखालचा) की अदर दॅन ऑनरेबल (सन्मानाविना). २६ मध्ये सेपरेशन कोड, म्हणजे सेवा संपण्याच्या कारणाचा कोड, आणि २८ मध्ये तेच कारण शब्दांत. आणि २७ मध्ये परत भरतीचा, म्हणजे आरई कोड.

लोक रकाना २४ बघून घाबरतात किंवा निश्चिंत होतात, पण परत भरतीचा प्रश्न आधी रकाना २७ वर अडतो. आर्मीत आरई-३ म्हणजे अडथळा आहे, पण वेव्हर मागता येतो. आरई-४ म्हणजे वेव्हरसुद्धा नाही. ‘मिसकंडक्ट, ड्रग अब्यूज’ (गैरवर्तन, ड्रग्जचा वापर) या कारणाला आर्मीत जेकेके हा सेपरेशन कोड लागतो आणि त्याच्यासोबत सहसा आरई-४ येतो. मरीन कोअरमध्ये सेवेतल्या ड्रग्ज प्रकरणासाठी आरई-४बी असा वेगळाच कोड आहे. एअर फोर्सची पद्धत निराळी. तिथे जनरल किंवा अदर दॅन ऑनरेबल मिळालेल्याला २बी मिळतो. दर्जा आणि कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जा सुधारला म्हणजे कोड आपोआप बदलला, असं होत नाही.

रिक्रूटर

आरई-३ असेल तर रिक्रूटरकडे जरूर जा. खर्च नाही आणि उत्तरही लवकर मिळतं. पण वेव्हर देणं रिक्रूटरच्या हातात नसतं. तो फाइल वर पाठवतो, निर्णय वरचे अधिकारी घेतात, आणि नकाराविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नाही. शिवाय आधी सेवा केलेल्यांसाठी जागा मर्यादित असतात. भरतीचं लक्ष्य पूर्ण होत असलेल्या वर्षी तुमच्या फाइलवर मेहनत घ्यायला कुणाला फारसं कारण उरत नाही.

आता नियम सैल झाले आहेत, असं ऐकून अनेक जण मोठ्या आशेने जातात. एअर फोर्सने २०२२ मध्ये गांजाच्या चाचणीत नापास झालेल्या उमेदवारांना ९० दिवसांनी पुन्हा चाचणी द्यायची मुभा दिली, ही बातमी खरी आहे. पण ती सवलत पहिल्यांदा भरती होणाऱ्यांसाठी होती. वर्दीत असताना ड्रग्ज घेतलेला सैनिक सैन्याच्या नजरेत पूर्णपणे वेगळ्या रांगेत उभा असतो. राज्यात गांजा कायदेशीर आहे, हा मुद्दाही चालत नाही. लष्करी कायद्याचं कलम ११२अ सगळीकडे सारखंच लागू होतं.

‘जुन्या सेवेबद्दल काही बोलू नकोस’ असा सल्ला कुणी दिला तर तिथून उठा. बोटांचे ठसे आणि वैद्यकीय नोंदी यांतून जुनी सेवा उघड होते, आणि खोटी माहिती देऊन भरती होणं हा कलम १०४अ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड

डिस्चार्जपासून १५ वर्षांच्या आत, डीडी फॉर्म २९३ भरून इथे अर्ज करता येतो. जनरल कोर्ट-मार्शलने (सर्वांत वरच्या पातळीच्या लष्करी न्यायालयाने) दिलेला डिस्चार्ज मात्र या बोर्डाच्या कक्षेबाहेर आहे. बोर्ड दोनच गोष्टी पाहतं: डिस्चार्ज नियमाला धरून होता का, आणि तो न्याय्य होता का. ते दर्जा आणि कारण बदलू शकतं. डिस्चार्ज रद्द करून तुम्हाला सेवेत परत बोलावण्याचा अधिकार मात्र कायद्यानेच त्याला दिलेला नाही.

क्रमाला इथे महत्त्व आहे. आधी फक्त कागदपत्रांवर निर्णय मागा. नकार आला तर मुदतीत असेपर्यंत प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. सुरुवातच सुनावणीने केली तर कागदपत्रांवरची ती एक संधी वाया जाते. म्हणून चौदाव्या वर्षापर्यंत थांबू नका.

बोर्डाने अर्जाकडे कसं पाहावं, याबद्दल संरक्षण खात्याची दोन परिपत्रकं वाचायलाच हवीत. २५ ऑगस्ट २०१७ चं कुर्टा परिपत्रक पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर होणारा मानसिक आजार), मेंदूला झालेली इजा, लैंगिक अत्याचार आणि मानसिक आजार यांच्या बाबतीत चार प्रश्न विचारायला सांगतं: असा आजार किंवा अनुभव होता का, तो सेवेच्या काळातला होता का, त्यामुळे चूक खरोखर समजण्यासारखी ठरते का, आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा त्याचं पारडं जड आहे का. २५ जुलै २०१८ चं विल्की परिपत्रक त्याहून व्यापक आहे. नंतरचं आयुष्य, पश्चात्ताप, आज त्याच चुकीला सौम्य शिक्षा झाली असती का, हे सगळं त्यात येतं.

आणि खरा पेच इथेच आहे, ज्याबद्दल फार कमी जण आधी विचार करतात. पीटीएसडीमुळे ड्रग्जकडे वळलो, हे कुर्टा परिपत्रकाखाली अत्यंत सशक्त म्हणणं आहे. पण पीटीएसडीचा इतिहास भरतीच्या वैद्यकीय निकषांत स्वतःच अपात्र ठरवणारा आहे. व्यसनाच्या निदानाचंही तेच. म्हणजे ज्या कागदाने दर्जा सुधारतो, तोच कागद पुढे वैद्यकीय तपासणीत आडवा येऊ शकतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी स्वतःला विचारा: मला वर्दी हवी आहे, की माझं नाव आणि माझे लाभ परत हवे आहेत? लाभ म्हणाल तर ते क्षुल्लक नाहीत. जनरल डिस्चार्जवर व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याच्या, बऱ्याच सोयी मिळतात, पण पोस्ट-९/११ जीआय बिलाखाली शिक्षणाचा खर्च मिळायला ऑनरेबलच लागतो. आजार खरा असेल तर तो वर्दीसाठी लपवू नका. उपचार आणि शिक्षण हातात येणं, हे अनिश्चित वेव्हरपेक्षा कितीतरी मोठं आहे.

रेकॉर्ड दुरुस्ती बोर्ड

परत भरती हेच ध्येय असेल आणि आरई-४ असेल, तर शेवटी बहुधा इथेच यावं लागतं. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स आणि कोस्ट गार्ड यांची आपापली बोर्डं आहेत. मरीन्सचे अर्ज नेव्हीच्या बोर्डाकडे जातात. बोर्डाचे सदस्य नागरी अधिकारी असतात. फॉर्म डीडी १४९. चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या हितासाठी बोर्ड ती माफ करू शकतं. रिव्ह्यू बोर्डाची १५ वर्षं शिल्लक असतील तर आधी तिकडे जाऊन या, असं मात्र सांगितलं जातं. अधिकार इथे खूप मोठे आहेत: दर्जा, कारण, आरई कोड, अगदी रेकॉर्डमधली शिक्षा, सगळं बदलता येतं.

वेळ लागतो. कायद्याप्रमाणे ९० टक्के अर्ज १० महिन्यांत आणि सगळे १८ महिन्यांत निकाली निघायला हवेत. भरतीच्या वयाची मर्यादा जवळ आली असेल तर हा हिशोब आधी करा.

इथे ‘मला परत यायचं आहे’ एवढं पुरत नाही. भरतीला अडचण येते म्हणून बोर्ड कोड बदलत नाही; चूक किंवा अन्याय दाखवावा लागतो. नमुना हाताळण्याच्या साखळीत खंड होता का? औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं होतं का? कमांडने नियमातली पायरी गाळली का? असं काही असेल तर हाच मार्ग धरा. काहीच नसेल, चाचणी बरोबर होती आणि प्रक्रियाही बरोबर होती, तर उरतो तो दयेचा मुद्दा. तो मांडायला वर्षानुवर्षांची स्थिर नोकरी, पूर्ण केलेले उपचार, स्वच्छ चाचण्या आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या वरिष्ठांची पत्रं लागतात. नातेवाइकांच्या पत्रांना तितकं वजन मिळत नाही.

ग्रीन कार्डवर असाल किंवा सैन्यसेवेतून नागरिक झाला असाल तर

सैन्यसेवेच्या आधारे नागरिकत्व मिळालं असेल आणि पाच वर्षं सन्मानाने सेवा होण्याआधी अदर दॅन ऑनरेबल डिस्चार्ज झाला असेल, तर ते नागरिकत्व काढून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. अशा माणसासाठी दर्जा सुधारणं हे परत भरतीपेक्षा कितीतरी तातडीचं काम आहे. आणि जो अजून नागरिक झालेला नाही, त्याने बोर्डाच्या अर्जात ‘हो, मी ड्रग्ज घेतले’ असं लिहिण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला जरूर भेटावं. गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी अशी कबुली अमेरिकेत प्रवेश नाकारायचं कारण ठरू शकते. पश्चात्तापाची प्रामाणिक चार वाक्यं चुकीच्या क्रमाने लिहिली गेली, म्हणून कुणाचं इथलं राहणं धोक्यात येऊ नये.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तरी एकट्याने अर्ज लिहू नका. अमेरिकन लीजन आणि डीएव्ही (डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स) यांसारख्या माजी सैनिकांच्या संघटना, तसंच काही लॉ स्कूलची क्लिनिक्स अशा प्रकरणांत मोफत मदत करतात. त्यांना भेटण्याआधी बोर्डांच्या ऑनलाइन रीडिंग रूममध्ये, नावं काढून प्रसिद्ध केलेले निकाल वाचा. तुमच्याच शाखेतली, तुमच्याच कोडची, शक्यतो त्याच ड्रगची प्रकरणं शोधा. मंजूर झालेली वाचा आणि फेटाळलेलीही वाचा. फेटाळलेल्या निकालांत बोर्ड नेमका कोणता कागद नव्हता ते बहुधा लिहितं, आणि तोच कागद तुम्हाला आधी मिळवायचा आहे.