हवाईत हेलिकॉप्टरची एकच फेरी परवडणार असेल तर: काउआई की बिग आयलंड?

हवाई बेटांच्या सहलीत हेलिकॉप्टरची फेरी जवळपास प्रत्येकाला हवी असते, पण ती एकदाच परवडते. पाऊण ते एक तासासाठी माणशी साधारण 300 ते 400 डॉलर मोजावे लागतात. चौघांचं कुटुंब असेल तर सहलीतला सगळ्यात महागडा तास हाच. म्हणून ती फेरी कोणत्या बेटावर घ्यायची, हे तिकीट काढण्याआधीच ठरवायला हवं. माझं मत आधीच सांगतो: काउआईवर घ्या. ‘धगधगता ज्वालामुखी वरून बघायचा’ या ओढीने बरेच जण बिग आयलंड निवडतात. ती ओढ मला समजते, पण त्यात पैसे चुकीच्या जागी खर्च होतात असं मला वाटतं.

आधी आकार बघा. काउआईचं क्षेत्रफळ 1,400 चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे, तर बिग आयलंडचं 10,400 चौरस किलोमीटर. बाकीची सगळी हवाई बेटं एकत्र केली तरी बिग आयलंडएवढी होत नाहीत. त्यामुळे लिहुएहून उडालेलं हेलिकॉप्टर तासाभरात अख्ख्या काउआईला वळसा घालून येतं. बिग आयलंडवर तेवढ्याच वेळात हिलोहून निघून किलावेआ या जागृत ज्वालामुखीचा परिसर आणि हिलोजवळचे धबधबे, एवढंच होतं. बेटाच्या उत्तरेकडच्या कोहाला भागातल्या खोल दऱ्या आणि ज्वालामुखी हे दोन्ही एका फेरीत हवं असेल तर पश्चिमेच्या कोना बाजूची दोन तासांची फेरी घ्यावी लागते आणि तिचा खर्च माणशी 500 डॉलरच्या बराच पुढे जातो.

काउआई हे हवाईच्या मुख्य बेटांमधलं वयाने सगळ्यात मोठं बेट. इथला ज्वालामुखी साधारण 50 लाख वर्षांपूर्वीचा. तो कधीचाच थंड झाला आणि पुढचं सगळं काम पावसाने आणि समुद्राने केलं. बेटाच्या मधोमध वाइआलेआले पर्वत आहे. तिथे वर्षाला सरासरी 9,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पाण्याने डोंगर आतून पोखरून काढलाय. वैमानिक हेलिकॉप्टर हळूच आत घेतो तेव्हा तिन्ही बाजूंना उभ्या हिरव्या भिंती असतात आणि त्यांवरून पाण्याच्या बारीक धारा उतरत असतात. पश्चिमेकडची वाइमेया दरी 900 मीटरहून खोल, तांबडी आणि कोरडी. मग येतो ना पालीचा किनारा. ‘ना पाली’ म्हणजे हवाईयन भाषेत ‘कडे’. समुद्रातून सरळ वर उठलेले हे कडे काही ठिकाणी 1,200 मीटरपर्यंत जातात आणि त्यांच्यामध्ये अरुंद दऱ्या आहेत. दगड आपल्या ओळखीचाच, सह्याद्रीसारखा थरांचा काळा बसाल्ट. फक्त इथे कड्याच्या पायथ्याशी थेट महासागर आहे.

यातलं बरंचसं दुसऱ्या कोणत्याही मार्गाने दिसत नाही. काउआईला पूर्ण वळसा घालणारा रस्ताच नाही. उत्तरेकडचा रस्ता के-ए किनाऱ्याशी संपतो आणि तिथून पुढे फक्त कालालाऊची पायवाट. ती एका बाजूने 18 किलोमीटर आहे आणि शेवटपर्यंत जायचं तर आधी परवाना काढावा लागतो. बोटीने ना पाली बघता येतो आणि तो अनुभवही सुंदर असतो, समुद्रातल्या गुहा तर बोटीतूनच दिसतात. पण वाइआलेआलेच्या पोटात बोटही जात नाही आणि मोटारही. तिथे हेलिकॉप्टरचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात.

आता लाव्हा. आपल्या डोक्यात जे चित्र असतं, लाल नद्या वाहत समुद्रात कोसळताहेत, ते बहुतांशी 1983 ते 2018 या काळातलं आहे. तेव्हा किलावेआच्या पूर्व उतारावरचा पू-ऊ ओ-ओ हा शंकू 35 वर्षं लाव्हा ओकत होता आणि तो प्रवाह अधूनमधून किनाऱ्यापर्यंत पोचायचा. 2018 मध्ये खालच्या उतारावर नव्या भेगा पडल्या, सुमारे 700 घरं लाव्ह्याखाली गेली, कापोहोची सबंध खाडी बुजली आणि तो अध्याय संपला. त्यानंतर किलावेआचा लाव्हा मुख्यतः शिखरावरच्या हालेमाउमाउ विवरात आलाय. 23 डिसेंबर 2024 पासून तिथे लाव्ह्याची कारंजी सुरू झाली. काही कारंजी 300 मीटरहून उंच गेली. पण त्यांची चाल लक्षात घ्या: कारंजं बहुतेकदा काही तास, फार तर दिवसभर टिकतं आणि मग काही दिवस किंवा काही आठवडे सगळं शांत असतं. तीन महिने आधी काढलेलं तिकीट नेमकं त्याच दिवसाचं निघणं, हा निव्वळ नशिबाचा भाग. शिवाय विवर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, त्यामुळे हेलिकॉप्टरला मनाला येईल तिथे घिरट्या घालता येत नाहीत. उद्रेकाच्या काळात राख आणि वायूंमुळे हवाई हद्दीवर तात्पुरते निर्बंधही येतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी कंपन्यांच्या फोटोंवरून कळत नाही. पर्यटनाच्या फेऱ्या दिवसा असतात आणि भर उन्हात लाव्ह्याचा वरचा थर काळपट-करडा दिसतो. लाल रंग खुलतो तो अंधारात आणि त्या वेळी तुम्ही जमिनीवर असता. उद्यान चोवीस तास उघडं असतं, विवराच्या कडेवरची प्रेक्षणस्थळं गाडीने आणि थोडं चालून गाठता येतात.

तरीही बिग आयलंडवर उडावं असे लोक आहेत. ज्यांना भूशास्त्राची मनापासून आवड आहे, त्यांच्यासाठी 2018 चा लाव्हा-प्रदेश आकाशातून बघणं मोलाचं आहे. भेगांची सरळ रेघ, त्यावर उभा राहिलेला शंकू, समुद्रात वाढलेली नवी जमीन आणि मध्येच वाचलेलं एखादं हिरवं बेट, हा सगळा नकाशा खालून समजत नाही. ज्यांना फार चालता येत नाही, त्यांनाही ही फेरी उपयोगी. आणि काउआईला जाणारच नसाल तर प्रश्नच मिटला. मात्र एक जाणीव ठेवा. किलावेआ हे हवाईयन लोकांसाठी पेले या ज्वालामुखीच्या देवीचं घर आहे, आणि तिथल्या गावकऱ्यांची हेलिकॉप्टरच्या सततच्या आवाजाबद्दलची तक्रार जुनी आहे. ती मला रास्त वाटते.

बेट ठरलं की पुढचा प्रश्न दारांचा. काही कंपन्या दारं काढून उडतात. फोटोत काचेची चकाकी येत नाही, हवा थेट अंगावर येते. पण काउआईवर पाऊस कधीही गाठतो आणि त्या वेगात थेंब तोंडावर सुया टोचल्यासारखे लागतात. टोपी, सुटा फोन, पिशवी, काहीच नेता येत नाही आणि लहान मुलांना बहुधा घेत नाहीत. कॅमेरा हेच तुमचं पहिलं प्रेम नसेल तर दारं लावलेलीच बरी. त्यात ए-स्टार जातीच्या हेलिकॉप्टरमध्ये मागे चौघं बसतात आणि मधल्या दोघांना कमी दिसतं. इको-स्टारमध्ये काचा मोठ्या आणि मागची रांग थोडी उंच असते. जागा वजनानुसार ठरतात, विनंतीवर नाही. 109 किलोच्या आसपास किंवा वर वजन असेल तर बऱ्याच ठिकाणी शेजारच्या जागेचेही पैसे द्यावे लागतात. कपडे गडद रंगाचे घाला, म्हणजे तुमचंच प्रतिबिंब फोटोत येणार नाही.

सुरक्षेबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण ज्या बेटाची मी शिफारस करतोय तिथेच मोठे अपघात झालेत. 26 डिसेंबर 2019 ला काउआईवर ना पालीजवळ पर्यटकांचं हेलिकॉप्टर डोंगरावर आदळून सातही जण गेले. ढगाळ, खराब हवेत पुढे जाण्याचा निर्णय हे चौकशीत पुढे आलेलं कारण. 11 जुलै 2024 ला ना पालीच्या समुद्रात आणखी एक हेलिकॉप्टर पडलं, तिघांचा मृत्यू झाला. बिग आयलंडवर जून 2022 मध्ये एका हेलिकॉप्टरची शेपटी हवेतच तुटली. ते लाव्ह्याच्या पठारावर कोसळलं, पण सहाही जण वाचले. म्हणजे कोणतंच बेट निर्धोक नाही. काउआईवर मुख्य शत्रू हवा आहे आणि तिच्यावर तुमच्या हातातला उपाय एकच: जी कंपनी हवा बिघडल्यावर बिनतक्रार फेरी रद्द करून पूर्ण पैसे परत देते, तिचंच तिकीट घ्या आणि वैमानिक अर्ध्यातून परत फिरला तर हुज्जत घालू नका. मूळ नियमानुसार जमिनीपासून किमान 1,500 फूट उंची राखायची असते. खास परवानगी असलेल्या कंपन्यांनाच त्याखाली येता येतं. त्यामुळे ‘आम्ही अगदी जवळून नेतो’ या जाहिरातीला मी भुलणार नाही.

फेरी मुक्कामाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ठेवा, म्हणजे रद्द झाली तर पुन्हा जायला दिवस उरतात. वेळ सकाळची घ्या. ना पालीचे कडे वायव्येकडे तोंड करून आहेत, त्यामुळे त्यांवर चांगलं ऊन दुपारनंतर येतं हे खरं, पण शांत वारा आणि ढगांच्या वर निघालेलं वाइआलेआले मला उन्हापेक्षा मोलाचं वाटतं. स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर ते फेरीनंतर करा. पाण्याखालून आल्यावर बहुतेक कंपन्या 24 तास उडू देत नाहीत.

आणि वाचलेल्या पैशांत बिग आयलंडवर उद्यानाच्या वेशीवरच्या व्होल्कॅनो गावात दोन रात्री राहा. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाची वेधशाळा रोज किलावेआची स्थिती जाहीर करते आणि जमीन किती फुगली आहे यावरून पुढच्या कारंज्याचा अंदाजही देते. तो बघून गरम कपडे आणि विजेरी घेऊन अंधारात विवराच्या कडेला जा. कारंजं चालू असेल तर त्याची घरघर दुरूनही ऐकू येते. हेलिकॉप्टरमध्ये कानांवर हेडफोन चढवलेले असताना तो आवाज कधीच कळला नसता.