१९७१ची एमजीबी घेऊन स्कॉटलंड: तयारीवर केलेला कुठला खर्च कामी आला, कुठला नाही

जुनी स्पोर्ट्स कार घेऊन लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की पहिला हात कॅटलॉगकडे जातो. हे बदलू, ते बसवू, नवा कार्ब्युरेटर, नवी सस्पेन्शन. मीही गेल्या हिवाळ्यात भरपूर खरेदी केली. जूनमध्ये प्रवास झाला, त्यानंतरही गाडी रोजच्या वापरात आहे, तेव्हा काय टिकलं आणि काय नुसतंच महाग पडलं हे आता सांगता येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो: नव्या वस्तूंपेक्षा रबर, ग्रीस आणि अर्थिंग यांच्यावर वेळ घाला, आणि जे काही नवं बसवाल ते निघण्याच्या दोन महिने आधी बसवून गाडी रोज पळवा.

गाडी एमजीबी रोडस्टर. क्रोमचे बंपर, तारांची चाकं, कापडी टप, तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर. मी राहतो ऑक्सफर्डला, आणि ही गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून हाकेच्या अंतरावर. १९६२ ते १९८० या काळात एमजीबीच्या सगळ्या प्रकारच्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे सुटे भाग आजही झाडून सगळे मिळतात, अगदी अख्खी नवी बॉडीसुद्धा. कशा दर्जाचे मिळतात, त्याकडे पुढे येतो. प्रवास म्हणजे इथून इन्व्हर्नेस, सुमारे ५०० मैल, आणि तिथून उत्तर किनाऱ्याची ती प्रसिद्ध ५१६ मैलांची फेरी, नॉर्थ कोस्ट ५००. मग परत घरी.

इंजिनाबद्दल पुण्याच्या काकांशी फोनवर बोलत होतो. त्यांच्याकडे कित्येक वर्षं अ‍ॅम्बॅसडर होती. अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसी या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या एकाच बी-सिरीज घराण्यातली भावंडं. त्यामुळे काकांना फोटो न पाहताही सगळं कळत होतं. "टॅपेट वाजतात ना? वाजू देत. गप्प झाले की काळजी कर," म्हणाले. बरोबरच आहे. व्हॉल्व्हजवळची गॅप कमी झाली की आवाज जातो आणि पाठोपाठ व्हॉल्व्ह जळतो. टॅपेटची गॅप १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावली, २०डब्ल्यू-५० ऑइल भरलं, तेही जुन्या इंजिनांसाठीचं, जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं. आजकालचं पातळ सिंथेटिक या इंजिनाला देऊ नका. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हलाही हेच ऑइल चालतं, तेव्हा डिकीत एकच कॅन ठेवला की काम भागतं.

पेट्रोलचं मात्र जरा नीट सांगावं लागेल. इंग्लंडात १ जानेवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून गेलं. जुन्या इंजिनांच्या हेडमधल्या व्हॉल्व्ह सीटना (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडांना) त्या शिशाचा आधार होता. गावात दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला फारसा फरक पडत नाही, पण मोटरवेवर तासन्‌तास पळवलं की सीट खचायला लागतात. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने कडक सीटचं हेड बसवलेलं होतं. तुमच्या गाडीला नसेल तर टाकी भरताना अ‍ॅडिटिव्ह घाला. दुसरा मुद्दा इथेनॉलचा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं ९५ म्हणजे ई-१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं. ते जुन्या रबरी नळ्या आतून पोखरतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते, आतून पापुद्रे सुटतात आणि ते थेट कार्ब्युरेटरच्या तोंडाशी जाऊन बसतात. मी सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आर-नाइन दर्जाच्या बसवल्या. तो शिक्का नळीवरच छापलेला असतो, बघून घ्या. आणि जिथे मिळेल तिथे महागडं, कमी इथेनॉलचं ई-५ भरतो. उत्तरेकडे पंप विरळ आहेत, तेव्हा काटा अर्ध्यावर आला की भरायचं, समोर कुठला पंप दिसतोय याचा विचार करत बसायचं नाही. नळ्यांचा खर्च सगळ्यात कमी आणि मनःशांती सगळ्यात जास्त. आजतागायत बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आलेला नाही, आणि जुन्या गाडीवाल्यांना त्या वासाचं मोल वेगळं सांगायला नको.

आता इग्निशन. स्पार्क पाडणारे जुने पॉइंट आणि कंडेन्सर काढून मी डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याच्या) आत मावणारं इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. त्यावर मी खूश आहे. थंडीत पहिल्या झटक्यात चालू होते, आयडलिंग एकसारखं, आणि दर थोड्या महिन्यांनी गॅप तपासायची कटकट संपली. पण किटबरोबर म्हणून मी रोटर आर्मही, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून एकेका प्लगकडे करंट पोचवणारा हात, नवा घेतला, आणि तिथे गंमत झाली. सरावासाठी कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत हिंडत होतो, तर गाडी गरम झाली की मिसिंग सुरू. आधी क्वचित, मग चढावर धक्के, शेवटी एका खेड्याबाहेर बंदच पडली. प्लगला स्पार्क नाही. कॉइलला करंट नीट. किट गेलं असावं असंच वाटलं. काकांना फोन लावला तर म्हणाले, "डेल्को उघड आणि आधी रोटर बघ." डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटरच. मी कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढली, इन्शुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीच्या वर पाव इंचावर धरली आणि बायकोला स्टार्टर मारायला सांगितलं. टक्क टक्क करत निळा स्पार्क पट्टीवर पडायला लागला. पट्टी जर नीट इन्शुलेटेड असती तर स्पार्कला जायला जागाच नव्हती. म्हणजे करंट आतल्या आत दांड्यात उतरत होता. घरी आल्यावर भिंगाने पाहिलं: पट्टी धरून ठेवणारा रिव्हेट प्लॅस्टिकमधून इतका खोल गेला होता की खाली दांड्याच्या स्प्रिंगपर्यंत जेमतेम कागदाएवढी जाडी उरली होती. त्यातून सुईच्या टोकाएवढं काळं छिद्र.

जुना, पन्नास वर्षांचा रोटर डिकीतल्या डब्यात होताच. तो बसवला आणि घरी आलो. ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याने पैसे परत केले, पण बदली म्हणून पाठवलेलाही तसाच रिव्हेटवाला. शेवटी रिव्हेट नसलेला, ओतीव लाल रोटर दुसरीकडून मागवला. तो अजून ठीक आहे. हीच बोंब स्कॉटलंडमध्ये, मोबाइलला रेंज नसलेल्या एकेरी रस्त्यावर झाली असती तर दिवस गेला असता. म्हणूनच दोन महिने आधी बसवा म्हणतो. नवे भाग निकामी व्हायचे असले तर बहुतेक सुरुवातीच्या काही शे मैलांतच होतात. आणि काढलेला जुना चालता भाग टाकू नका. माझ्या डब्यात आजही पॉइंट, कंडेन्सर आणि तो म्हातारा रोटर आहे. किटने दगा दिला तर अर्ध्या तासात गाडी १९७१ सालात परत नेता येते.

अर्थिंगचं काम फुकटात झालं. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी एक विणलेली जाड पट्टी खालून असते. ती गंजली किंवा तुटली की स्टार्टरचा सगळा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे चोकची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल. माझ्याकडे स्टार्टर मारताना चोकची मूठ कोमट लागायची. पट्टी काढून दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत घासली, व्हॅसलीन लावून परत बसवली. स्टार्टर एकदम तरतरीत झाला. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्या जागी एक बारा व्होल्टची टाकली. वजन कमी, जोड कमी.

टायरच्या बाबतीत कंजूषपणा नको. जुन्या टायरवर नक्षी उत्तम होती, पण बाजूला छापलेले चार आकडे वाचले तर २००९ निघालं. अशा गाड्या वर्षाला जेमतेम हजार मैल चालतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, नुसते वाळतात. ओल्या रस्त्यावर नव्या टायरचा फरक पहिल्याच वळणावर कळला. तारांच्या चाकांना आत ट्यूब लागते आणि तीही नवीच टाका. चाकं काढली तेव्हा हबचे दातेही पाहून घेतले. झिजलेले असले तर गाडी सोडताना आणि ब्रेक मारताना खट्ट आवाज येतो. कानवाले स्पिनर, म्हणजे चाक धरून ठेवणारे मधले नट, तांब्याच्या हातोडीनेच ठोकायचे. दोन बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात, तेव्हा कुठल्या टायरवाल्याला हात लावू देण्याआधी शेजारी उभे राहा. आणि जॅक ट्रॉलीवालाच वापरा. मूळ जॅक सिलमधल्या, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीतल्या, भोकात घालायचा असतो, आणि सिल कुजलेली असली तर जॅक वर जातो, गाडी तिथेच राहते.

ग्रीस. पुढच्या प्रत्येक बाजूला किंगपिनचे (ज्यावर चाक वळतं त्या खुंटीचे) तीन निपल, दर ३,००० मैलांनी ग्रीस गन मारायची. चाक उचलून मारा म्हणजे जिथे पोचायला हवं तिथे पोचतं. स्टीअरिंग इतकं हलकं होतं की पॉवर स्टीअरिंगच्या किटवर पैसे का घालवतात कळत नाही.

सस्पेन्शनला मी रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे बुश (सांध्यांतले धक्के झेलणारे तुकडे) घातले. पहिल्या महिन्यात खूप आवडले, गाडी ताठ वाटायची. आता नाही. हायलँड्सच्या खडबडीत रस्त्यांवर मणक्यापर्यंत सगळं पोचलं, आणि थंडी सुरू झाल्यापासून कुरकुर करतात. परत करायचं झालं तर एमजीबी व्ही-८ साठी बनलेले रबर-धातूचे बुश घालीन. शॉकअब्सॉर्बर मूळचेच, हातवाले, दुरुस्त करून घेतले. टेलिस्कोपिक किट घेतलं नाही आणि त्याची चुटपुटही नाही. खरा आराम मिळाला तो सीटखालचे सैल झालेले रबरी पट्टे बदलल्यावर. हे काम कुणाच्याच यादीत नसतं.

ब्रेकची परीक्षा झाली ती अ‍ॅपलक्रॉसच्या घाटात, बेअलाख ना बा. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटरपर्यंत एकेरी रस्ता, काही ठिकाणी वीस टक्के चढ, आणि समोरून मोटरहोम आली की मागे जाऊन वाट द्यायची. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, लागोपाठच्या उतारावर ते उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. मी ऑइल नवं भरलं होतं आणि पुढचे-मागचे रबरी होजही बदलले होते. जुने होज आतून फुगून बंद होतात, मग ब्रेक सोडला तरी कॅलिपर सुटत नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये आलो, पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं. इतकी जुनी गाडी असल्यामुळे कायद्याने मला एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य आहे का ही इथली वार्षिक तपासणी, लागत नाही, टॅक्सही नाही. तरी निघण्याआधी तपासणी करून घेतली. परक्या माणसाने टॉर्च घेऊन खालून पाहणं केव्हाही चांगलं.

त्याच चढावर तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या जरासा वर गेला आणि थांबला. त्याचं श्रेय रेडिएटरला. त्याचा गाभा नवा करून घेतला होता आणि ब्लॉकमधला गाळ उलटं पाणी मारून काढला होता. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा. परत येताना एम-६ मोटरवेवर रणरणत्या दुपारी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मात्र हीटर पूर्ण उघडावा लागला. टप उघडा, डोक्यावर ऊन, पायांवर गरम वारा. बायको काही बोलली नाही, फक्त बूट काढले.

ओव्हरड्राइव्हशिवाय हा प्रवास करू नये असं मी म्हणेन. ताशी ६५ मैलांना टॉप गिअरमध्ये इंजिन ३,६०० च्या आसपास फिरतं, ओव्हरड्राइव्ह टाकला की ३,००० च्या आत येतं. कानांना आणि पेट्रोलला दोन्हीला फरक पडतो. गॅलनला तीसच्या जवळ मैल पडले.

टप मात्र गळतो. नवा आहे, महाग होता, तरी काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब बरोबर ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर पडतो. तीन वेगवेगळ्या रबरी पट्ट्या लावून झाल्या. आता गाडीत एक पंचा असतो. आणि जून-जुलैमध्ये तिकडे जाणार असाल तर मिज नावाच्या बारीक चिलटांची तयारी ठेवा. वारा पडला आणि टप उघडा असला की थांबूच नका.

आधीच्या मालकाने घेऊन ठेवलेला विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा, स्विच आणि रिलेसकट, मी बसवलाच नाही. गाभा नवा असल्यावर बेल्टवरचा मूळ पंखा पुरला. खोकं अजून न उघडलेलं आहे. ऑक्सफर्डच्या आसपास कुणाकडे एमजीबी असेल आणि पंखा हवा असेल तर सांगा, पैसे नकोत, फक्त येऊन घेऊन जा.