ट्वाइन २ : गोष्टीला फाटे फोडा, पण बेताने

वाचकाने निवडावं आणि गोष्ट त्या वाटेने पुढे जावी, अशा लेखनासाठी ट्वाइन हे आज सर्वांत सोपं साधन आहे. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे. क्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये आणलं, आणि आताची दुसरी आवृत्ती ब्राउझरमध्येही चालते, विंडोज, मॅक, लिनक्सवर उतरवूनही चालते. उतरवलेलीच घ्या, कारण पुढे येईल.

पडद्यावर चौकोन दिसतात. एक चौकोन म्हणजे एक पॅसेज. मजकुरात दुहेरी चौकटी कंसात [[विजापूर वेस]] असं लिहिलं की दुवा तयार होतो, आणि त्या नावाचा पॅसेज नसला तर ट्वाइन तो स्वतःच उभा करतं. वाचकाला वेगळे शब्द दाखवायचे असतील तर [[वेशीकडे वळा->विजापूर वेस]]. एवढ्यावर पहिली गोष्ट लिहून होते. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या शिक्षकांनाही हे एका दुपारी जमेल.

अडचण सुरू होते ती फाट्यांच्या हिशोबात. प्रत्येक वळणावर दोन पर्याय आणि अशी सहा वळणं ठेवली, तर एकूण १२७ पॅसेज लिहावे लागतात. प्रत्येकी शंभर शब्द धरा: लिहायचे १२,७०० शब्द, आणि एका वाचकाच्या वाट्याला त्यातले ७००. अर्धवट सोडलेल्या बहुतेक गोष्टी इथेच अडतात. उपाय असा, की फाटा फुटला तरी दोन्ही वाटा पुढच्या वळणाआधी एकत्र आणायच्या. मग तीच सहा वळणं १९ पॅसेजमध्ये बसतात: सहा वळणांचे, बारा निवडींचे आणि एक शेवटचा.

वाटा एकत्र आल्या तरी वाचकाने काय निवडलं ते गोष्टीने लक्षात ठेवायला हवं, नाहीतर निवडीला अर्थच उरत नाही. त्यासाठी व्हेरिएबल (नाव दिलेली जागा, जिथे निवड साठवता येते) आणि ‘इफ’ची अट (अमुक असेल तर हे दाखव, नसेल तर ते). सोलापुरी चादरीचं जेकार्ड, म्हणजे भोकं पाडलेल्या जाड पत्त्यांवरून नक्षी विणणारं यंत्र, पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पत्त्याला भोक असेल तर हूक उचलला जातो, उभा धागा वर येतो; भोक नसेल तर धागा खालीच राहतो. याच पत्त्यांची कल्पना इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली होती. गोष्टीतही तेच. समजा गोष्ट सोलापूरच्या यात्रेची आहे: सुरुवातीला यात्रेकरूने कुणाची सोबत धरली हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, आणि दहा पॅसेजनंतर होम मैदानावर तेवढीच दोन वाक्यं बदलायची. वाचकाला आपली निवड जाणवते, लेखकाचं काम मात्र दोन वाक्यांचंच.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, या साधनाला फार शोभेल. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) आणि नगरप्रदक्षिणेतली ६८ लिंगं यांचा नकाशा आधीच आखलेला आहे, वाचकाने कुठूनही सुरू करावं. पण सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी कायदा) सांगताना हात आखडता घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ती वाचकाच्या बोटावर टळू शकेल असा फाटा काढणं चुकीचं आहे. इथे निवड द्यायची ती नजरेची: हीच घटना गिरणी कामगाराकडून ऐकायची, विद्यार्थ्याकडून की शिपायाकडून. घडलेलं तेच राहतं, दिसतं वेगळं.

मराठीत लिहिताना होणाऱ्या चुकांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण मदतीच्या पानांवर त्या सापडत नाहीत. सगळ्यात फसवी ‘ऱ्य’ची. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडण्याची खूण) देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. पॅसेजचं नाव ‘दुसऱ्या दिवशी’ असं एका कीबोर्डवर आणि दुवा दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केला, तर शेजारी त्याच नावाचा रिकामा पॅसेज उगवतो आणि वाचक तिथे अडकतो. पॅसेजची नावं छोटी ठेवा, त्यात ‘ऱ्य’ येऊ देऊ नका, किंवा नाव कॉपी करून चिकटवा.

व्हेरिएबलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. त्यात साठवलेला मजकूर मराठी चालतो. बेरीज-वजाबाकीसाठी आकडे इंग्रजीच लागतात, ‘५’ लिहिलं तर तो आकडा धरला जात नाही. वर्डमधून आणलेली गोल अवतरणचिन्हं अटीत राहिली तर अट मोडते, ती सरळ करून घ्या. स्टाइलशीटमध्ये (गोष्टीचं दिसणं ठरवणाऱ्या सूचनांत) अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींतलं अंतर मात्र १.७ पर्यंत न्या, म्हणजे रफार आणि उकार एकमेकांत घुसत नाहीत.

सोलापूरच्या गोष्टीत तेलुगू, कन्नड, उर्दू येणारच, आणि ट्वाइनला त्यात काही अडचण नाही. उर्दूच्या पॅसेजना फक्त वेगळा टॅग (ओळखीची खूण) लावून स्टाइलशीटमध्ये दिशा उजवीकडून डावीकडे करावी लागते.

फॉरमॅट म्हणजे गोष्ट कशी चालेल आणि कोणत्या आज्ञा लागतील हे ठरवणारा साचा. त्यात आधीपासून निवडलेला हार्लो नवख्यांना पुरतो. खेळ मध्येच थांबवून पुढे चालू करण्याची तयार सोय हवी असेल तर शुगरक्यूब. हे आधीच ठरवा. दोघांच्या आज्ञा वेगळ्या असल्याने अर्ध्यावर बदललं तर सगळ्या अटी पुन्हा लिहाव्या लागतात.

आता ब्राउझरबद्दल. तिथे लिहिलेली गोष्ट त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते. कुणी ‘ब्राउझिंग डेटा’ पुसला की गोष्ट गेली. कॉलेजच्या सामायिक संगणकावर तर हा धोका रोजचाच. उतरवलेलं ट्वाइन फाइल आपल्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवतं. तरीही दर बैठकीनंतर ट्वाइनच्या ‘लायब्ररी’तून ‘आर्काइव्ह’ (सगळ्या गोष्टींची एकत्र प्रत) काढून पेनड्राइव्हवर ठेवा.

ट्वाइनच्या ‘बिल्ड’ मेनूमधल्या ‘पब्लिश टू फाइल’ने एकच एचटीएमएल फाइल मिळते. फोटो मात्र तिच्यात आपोआप जात नाहीत, ते वेगळे सोबत द्यावे लागतात. विसरलात तर वाचकाला मोकळी चौकट दिसते. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून जाते, पण समोरच्याने ती क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये उघडायला हवी. त्यापेक्षा इच डॉट आयओ (itch.io) या खेळ आणि गोष्टी ठेवण्याच्या संकेतस्थळावर एचटीएमएल प्रकारात चढवा, ‘ब्राउझरमध्ये चालवा’ या पर्यायावर खूण करा आणि फक्त दुवा पाठवा. फोटो असतील तर झिप करा, आणि आतल्या मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’च (index.html) ठेवा.